गंगाखेडच्या घाटावरचे बारा महिने

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, वरच्या अंगाला चांगला पाऊस झालेला असताना, गंगाखेडच्या घाटावर गोदावरीचे पाणी तांब्यात घेतले तर तांब्याचा तळ दिसत नाही. पाण्याचा रंग काळपट तपकिरी, आणि बोटांत चोळले तर पीठ लागल्यासारखे मऊ. हेच पाणी घरी आणून हंड्यात ओतावे, तुरटीचा खडा हातात धरून पाच-सात वेळा गोल फिरवावा आणि शेजारी बसून बघावे. काही मिनिटे काहीच होत नाही. मग पाण्यात बारीक कण दिसू लागतात, ते एकमेकांना चिकटून पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होतात आणि सावकाश बुडाकडे उतरतात. तास-दोन तासांत वरचे पाणी निवळते आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा साका बसतो. त्या साक्यातली माती जालन्याकडची असेल, बीडकडची असेल, नाहीतर पाथरी-मानवतच्या नुकत्याच पेरलेल्या एखाद्या रानातली असेल.

जानेवारीत त्याच पायरीवर उभे राहिले तर पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्या मोजता येतात. पाणी नितळ, हात बुडवला की झिणझिणणारे. आणि मेच्या अखेरीस? धार जवळजवळ थांबलेली, पाणी हिरवट आणि कोमट, कडेला शेवाळाची साय. नदी तीच, घाट तोच. म्हणून ‘गोदावरीचे पाणी कसे आहे?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारावा लागतो, ‘केव्हाचे?’

परभणी जिल्ह्यात गोदावरीला गोदावरी म्हणणारी माणसे कमीच. ती ‘गंगा’. गंगाखेडच्या नावातच ती बसलेली आहे. संत जनाबाईंचे हे गाव. अस्थिविसर्जनाला आणि दशक्रियेला लांबलांबून लोक इथे येतात. ब्रह्मगिरीवर निघालेली ही नदी नाशिक, पैठण करत येते आणि पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशा तालुक्यांच्या कडेने किंवा मधून नांदेडकडे जाते. जिल्ह्याची दुसरी मोठी नदी पूर्णा. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून ती जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणात थांबते, पुढे सिद्धेश्वर धरणातून सुटते, वाटेत दुधनेला पोटात घेते आणि पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. जिल्ह्यातल्या पाण्याचा बरावाईटपणा याच दोन नद्यांच्या चालीवर ठरतो.

गढूळपणापासून सुरुवात करणे योग्य, कारण तोच सगळ्यांच्या डोळ्यांना आधी दिसतो. मराठवाड्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यातल्या चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही बारीक असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली, तर हा कण तिच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा. एवढा कण अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून अधिक घेतो. कणाचा आकार दहापट लहान झाला तर त्याला शंभरपट वेळ लागतो, म्हणजे जवळपास वर्ष. त्यातच या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटत राहतात, जवळ येऊन जड होत नाहीत. काळ्या रानातले पाणी हंड्यात रात्रभर ठेवूनही का निवळत नाही, याचे हे उत्तर. तुरटीतले ॲल्युमिनियम तो ऋणभार मोडते, कण एकमेकांना बिलगतात आणि जड होऊन बसतात. तुरटी नसे तिथे निवळीच्या झाडाचे बी माठाला आतून चोळत. शेवग्याच्या बियांची पूडही हेच काम करते. ‘निवळणे’ हे क्रियापद आणि ‘निवळी’ हे झाड मराठीत एकाच घरातली आहेत.

पण निवळलेले पाणी शुद्ध झालेले नसते. ही गोष्ट घरोघरी पुन्हा पुन्हा सांगायला हवी. तुरटीने माती बसते, मातीला चिकटलेले काही जंतूही तिच्याबरोबर बसतात, सगळे नाही. गढूळ पाण्यात नुसती ब्लीचिंग पावडर टाकणेही फुकट जाते. क्लोरीन आधी माती आणि कुजका पाला यांच्यावरच खर्ची पडते आणि मातीच्या आड दडलेला जंतू वाचतो. म्हणून क्रम ठरलेला आहे, आधी निवळवायचे, मग गाळायचे, मग क्लोरीन. परभणी शहरासाठी येलदरीहून किंवा राहटीच्या बंधाऱ्यातून उचललेले पाणी असो की एखाद्या वस्तीवरचा हंडा असो, हा क्रम चुकवून चालत नाही.

आता पावसाळ्यातला तो काळ, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. मृग लागतो, एक-दोन वळीव होऊन गेलेले असतात, ओढे पहिल्यांदा वाहतात. ‘नवे पाणी आले’ म्हणून गावाला बरे वाटते, आणि वाटलेच पाहिजे, आठ महिने आभाळाकडे डोळे लावून बसलेला मुलूख आहे. जिल्ह्यातला पावसाचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पण या पहिल्या लोंढ्याने वर्षभरातले सगळ्यांत वाईट पाणी नदीत येते. ऑक्टोबरपासून जमिनीवर जे जे साचले ते सगळे त्याला एका दमात धुवायचे असते. गावकुसाबाहेरची घाण, उकिरड्यांचे पाझर, नाल्यांच्या डबक्यांत उन्हाळाभर आंबलेला गाळ, रस्त्यावरचे तेल, गुरांचे शेण, आणि कापूस-सोयाबीनच्या पेरणीबरोबर नुकतेच टाकलेले रासायनिक खत. नदीत अजून पाणी कमी आणि घाण एकवट, असा तो आठवडा-पंधरवडा असतो.

पाण्यात कुजणारे काही आले की ते खायला जीवाणू तुटून पडतात. ते श्वास घेतात, त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. माशांचा ऑक्सिजनही तोच. पहिल्या पुरानंतर डोहात मासे उलटे तरंगताना दिसतात ते बहुधा कोणी विष घातल्यामुळे नव्हे, तर हा ऑक्सिजन संपल्यामुळे. गावात त्याच सुमारास जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. काविळीचे रुग्ण मात्र तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात, कारण त्या विषाणूला शरीरात मुरायला तेवढा वेळ लागतो. तोवर पाणी पुन्हा बदललेले असते. मग दोष ‘या पाण्याला’ दिला जातो आणि खरे कारण असलेले जूनचे पाणी केव्हाच नांदेडच्या पुढे गेलेले असते.

जुलै-ऑगस्टमध्ये नदी भरून वाहू लागली की गणित बदलते. ते एकदा मांडून बघण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत गंगाखेडची लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात होती. माणशी रोज १०० लिटर पाणी धरले आणि त्यातले ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानले, तर एवढ्या गावाचे सांडपाणी दिवसाला ४० लाख लिटर होते, म्हणजे सेकंदाला साधारण ४६ लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरांहून थोडे अधिक. गोदावरीतून एक लाख क्युसेक पाणी वाहत असेल तर सेकंदाला २८ लाख लिटर. त्यात हे ४६ लिटर कुठे हरवले ते कळणारही नाही. एका लिटरमागे साठ हजार लिटर! सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पैठणच्या जायकवाडी धरणातून तीन लाख क्युसेकहून अधिक विसर्ग सोडावा लागला, तेव्हा नदीकाठच्या शेतांची आणि गावांची जी दैना झाली ती मराठवाडा विसरणार नाही. त्या पाण्यात शेतातला सुपीक थर वाहून गेला, विहिरी बुडाल्या. पण निव्वळ सांडपाण्याच्या हिशेबात महापूर ही नदीची सगळ्यांत पातळ अवस्था.

आता तीच धार उन्हाळ्यात दहा क्युसेकवर आली असे समजा. सेकंदाला २८३ लिटर पाणी आणि त्यात तेच ४६ लिटर सांडपाणी. दर सहा लिटरमागे एक लिटर. गावाने सप्टेंबरपेक्षा मे महिन्यात काही अधिक घाण केलेली नसते. नदीच त्याला पुरी पडत नाही. आणि धार थांबलीच, तर नाल्यातून येते तेच नदीचे पाणी.

पुराचे पाणी ओसरते आणि उत्तरा-हस्ताचे पाऊस होऊन जातात. भाद्रपदात पहाटे दक्षिणेला अगस्तीचा तारा दिसू लागतो. अगस्ती उगवला की पाणी निर्मळ होते, ही समजूत जुनी आहे. चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत शरदातल्या अशा पाण्याला ‘हंसोदक’ म्हटले आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले पाणी, पिण्या-नाहण्याला उत्तम. ताऱ्याने पाणी शुद्ध होत नाही हे आज शाळकरी पोरालाही माहीत आहे; पण निरीक्षण मात्र खोटे नाही. पावसाचा जोर सरतो, रानात पिके उभी राहिल्याने माती धरून ठेवली जाते, धार मंदावते, माती बसते, आणि नितळ झालेल्या पाण्यातून सूर्यकिरण खोल जाऊन जंतू मारतात. ज्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना सूक्ष्मदर्शक, त्यांनी वर्षातली पाण्याची चांगली घडी नेमकी हेरली होती आणि लक्षात राहावी म्हणून ती आभाळातल्या एका ठळक ताऱ्याला बांधून ठेवली होती.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. परभणीची थंडी प्रसिद्ध आहे; इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. गार पाण्यात ऑक्सिजन अधिक मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर बत्तीस अंशांच्या पाण्यात सव्वासात. कुजण्याची क्रियाही थंडीत मंदावते, त्यामुळे मिळकत जास्त आणि खर्च कमी असा नदीचा संसार चालतो. या दिवसांत नदीला पाणी पुरवते ती दोन्ही काठांची जमीन. बेसॉल्टच्या काळ्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी झिरपत नदीत येते आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येते. पाणी थोडे जड होते. साबणाला फेस कमी येतो, डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्याच्या तळाशी पांढरी पुटे चढतात. अपाय यात फारसा नाही.

माघ सरला की उतार सुरू होतो. फेब्रुवारीत तो डोळ्यांना दिसत नाही, मार्चमध्ये वास येऊ लागतो. मे महिन्यात या भागात उघड्या पाण्याची रोज दहा-बारा मिलिमीटर वाफ होते. महिन्याभरात फूटभर पाणी नुसते आभाळात जाते. पाणी जाते, क्षार राहतात. पातेल्यात आमटी आटत ठेवली की ती खारट होत जाते, तसाच हा प्रकार. वाहती नदी तुटून डोह होतात आणि प्रत्येक डोहाची प्रकृती वेगळी होते. कुणाला खालून झऱ्याचे पाणी लागते, कुणाला वरून नाल्याचे. परभणी शहराजवळून जाणाऱ्या पिंगळगड नाल्यासारखे नाले उन्हाळ्यात पावसाच्या पाण्याने वाहत नाहीत, वापरलेल्या पाण्याने वाहतात.

उन्हाळ्यातल्या हिरव्या डोहात एक गोष्ट रोज रात्री घडते आणि ती फार थोड्यांना दिसते. पाणी हिरवे दिसते ते सूक्ष्म शेवाळामुळे. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे त्याचे खत. दिवसभर उन्हात हे शेवाळ ऑक्सिजन सोडते, इतका की दुपारी मोजला तर पाणी हिवाळ्यापेक्षाही सरस वाटावे. सूर्य मावळला की ते काम थांबते. पण शेवाळ, जीवाणू, मासे, सगळे श्वास घेतच राहतात. रात्रभर ऑक्सिजन खर्च होत जातो आणि सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यांत कमी होतो. त्या वेळी डोहावर गेले तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून गपगप करताना दिसतात. भोई समाजातल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा डोहात शेवटी टिकतात ते मरळ आणि मागूर, कारण त्यांना हवेतला ऑक्सिजन थेट घेता येतो. रोहू-कटला आधी जातात. जाळ्यात फक्त मरळ आणि मागूरच येऊ लागले, तर डोहाची तपासणी झाल्यासारखीच समजावी.

पाण्याचा नमुना मात्र बहुधा दिवसाउजेडी, कामाच्या वेळेत घेतला जातो. दुपारी भरलेल्या बाटलीत पहाटेची तगमग उतरत नाही. महिन्यातून एका दिवशी, एका वेळी घेतलेला आकडा खोटा नसतो, पण तो त्या तासापुरता खरा असतो. निदान उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत तरी काही ठिकाणी पहाटेचा नमुना घ्यायला हवा. त्याला यंत्रसामग्री वेगळी लागत नाही, लवकर उठणारा माणूस लागतो.

आकड्यांचा अर्थ थोडा समजून घेतला तर बातम्या वाचताना उपयोग होतो. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असावा, ही स्नानाच्या पाण्याची कसोटी. दुसरा शब्द नेहमी कानावर येतो तो ‘बीओडी’. पाण्यातली कुजकी घाण फस्त करायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचे हे माप. बाटलीत पाणी बंद करून ठरावीक तापमानाला ठेवतात आणि किती ऑक्सिजन कमी झाला ते बघतात. जगभर पाच दिवस आणि २० अंश अशी रीत होती. भारताने आपल्या हवेला धरून तीन दिवस आणि २७ अंश अशी ठरवली. स्नानाच्या पाण्यात बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तिसरी कसोटी विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंची, १०० मिलिलिटरमध्ये ५०० असले तर बरे, २५०० च्या वर नकोतच. यातली एक कसोटी जुलैत हुकते, दुसरी मेमध्ये. गढूळ पाण्यात ऑक्सिजन भरपूर असू शकतो आणि नितळ पाणी जंतूंनी भरलेले असू शकते. डोळ्याने केलेली परीक्षा म्हणूनच फसते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सर्वांत जास्त. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले. २०१८ च्या यादीत गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वरापासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंत धरलेला होता. परभणीची गंगा त्यात अख्खी येते. पण एवढा लांब पट्टा सरसकट एकाच रंगात रंगवला की मधल्या जायकवाडीचे काम दिसत नाही. नाशिक-नगरकडून आलेले पाणी या धरणाच्या जलाशयात, नाथसागरात, महिनोन्‌महिने पडून राहते. गाळ बसतो, घाण बरीचशी कुजून संपते. परभणीत उन्हाळ्यात जे बिघडते ते मुख्यतः पैठणच्या खालचे, म्हणजे आपल्याच अंगणातले. सगळा दोष वरच्या शहरांवर ढकलून मोकळे होता येणार नाही.

धरणांनी नदीचे पंचांगही बदलून टाकले आहे. पूर्वी आर्द्रा, मघा, हस्त यांच्या पावसावर नदीचा चढ-उतार ठरे. आता तो दरवाजांवर ठरतो. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे जिल्ह्यात एकामागे एक आहेत. पावसाळा संपता संपता दरवाजे बंद होतात, आणि वाहत्या नदीच्या जागी एकाखाली एक अशी लांबट तळी उरतात. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्याही ऑक्टोबरच्या सुमारास टाकतात. या तळ्यांनी सिंचन दिले, गावांच्या विहिरींना पाणी दिले. त्यांच्यावाचून आज चालणार नाही. पण थांबलेल्या पाण्याला हवा कमी मिळते, ऊन जास्त मिळते आणि जलपर्णीला तर असेच पाणी हवे असते. धबधब्यासारखे उसळत जाताना नदी जो श्वास घेत होती, तो तळ्यात कोंडला जातो.

याच्या उलटही घडते. ऐन उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणातून पूर्णेच्या पात्रात पाणी सोडून राहटीचा बंधारा भरून घेण्याची वेळ येते, किंवा डिग्रसचे पाणी खाली नांदेडसाठी विष्णुपुरीकडे सोडले जाते. कोरड्या पात्रातून एप्रिलमध्ये आलेला हा लोंढा म्हणजे एक छोटा मृगच. वाटेत पात्रात जे पडलेले असेल ते पुढे ढकलत तो येतो. सुरुवातीचे काही तास पंप बंद ठेवून पाणी पुढे जाऊ दिले, तर शुद्धीकरण केंद्रावरचा ताण कमी होतो. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने तारखाच बांधून दिल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि १ मार्चला खालच्या राज्यासाठी ०.६ टीएमसी पाणी सोडायचे. नदीच्या ऋतूंना असे न्यायालयीन दिनांक लागलेले आहेत.

येलदरीसारख्या खोल जलाशयात आणखी एक प्रकार होतो. १९६८ मध्ये पूर्ण झालेले हे धरण पन्नास मीटरच्या आसपास उंच आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहते. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाला गाळ कुजत असतो, तिथला ऑक्सिजन संपतो, मग गाळातले लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली उतरते आणि अख्खा जलाशय घुसळून निघतो. अशा तलावातून पाणी कोणत्या महिन्यात किती खोलीवरून उचलले, यावर नळाच्या पाण्याचा वास अवलंबून असतो. एखाद्या मे महिन्यात नळाला पिवळट पाणी आले तर गळकी पाइपलाइन हे एक कारण असू शकते, तळचे पाणी हे दुसरे.

नदीजवळ स्वतःचे गाळणे होते, ते म्हणजे वाळू. उन्हाळ्यात पात्रातली वाळू उकरून झिरा केला की हातभर खोलीवर गार, स्वच्छ पाणी लागायचे. वाळूच्या कणाकणांवर वाढलेले जीवाणू घाण खात आणि कणांमधल्या फटी माती अडवत. शहरांतल्या शुद्धीकरण केंद्रांतही वाळूचे थर याच कामासाठी असतात. पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या पिकत त्या याच ओलाव्यावर. गोदावरी-पूर्णेतला वाळूउपसा महसुलाचा आणि गुन्हेगारीचा विषय म्हणून वर्तमानपत्रांत येतो. तो पाण्याच्या शुद्धतेचाही विषय आहे. वाळू गेली की उरतो चिखल आणि खड्डे; चिखलातून झिरा फुटत नाही.

गावपातळीवर एक चांगली व्यवस्था राज्यात आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाभोवती डबके साचते का, गळती आहे का, ब्लीचिंग पावडर कशी ठेवली आहे, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे मिळाले तर चंदेरी. नळाच्या शेवटच्या टोकाला ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का, हे गावचा जलसुरक्षक बघतो. पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोहोचले. हे सगळे व्हायलाच हवे. अडचण तारखांची आहे. एप्रिल म्हणजे पावसाआधी, ऑक्टोबर म्हणजे पाणी निवळल्यावर. मधले जून-जुलैचे पाणी, ज्याने माणसे आजारी पडतात, ते दोन सर्वेक्षणांच्या मधून निघून जाते.

यासाठी एक साधी बाटली पुरते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि त्यांच्या संचात जंतुपरीक्षेची छोटी कुपी असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे, हलवायचे आणि सावलीत ठेवून द्यायचे. पाण्यात विष्ठेतले जीवाणू असतील तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळे पडते. मृगाचा पहिला ओढा वाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी काठावरच्या विहिरीतून अशी एक कुपी भरावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि अंगणवाडीच्या फळीवर ठेवावी. पंधरा दिवसांनी दुसरी, पोळ्याला तिसरी, दिवाळीला चौथी. ज्या दिवशी पहिली कुपी काळी दिसेल, त्या दिवशी त्या विहिरीत क्लोरीन वाढवायला कुणाच्या कार्डाची वाट पाहावी लागणार नाही.